घटासाठी आणलेली माती

ओटाहुहु, ऑकलंड
रविवार, ९ सप्टेंबर २०१८

ती. विभावरीआत्या,
साष्टांग नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की उजळणी प्रशिक्षणाच्या शेवटी जी परीक्षा झाली तिच्यात शशीकाकांनी नक्कल केली. ते चुकीचं आहे. नक्कल करायची तर उत्तरं कुणीतरी लपवलेली असावी लागतात. इथे ती समोरच्या पडद्यावर होती. प्रशिक्षकांनी प्रश्न वाचला, उत्तर वाचलं, "ऑल गॉट दॅट? स्वीट ॲज," (म्हणजे 'झकास') म्हणाले आणि सगळ्या खोलीने कागदावर खूण केली. काका इतरांच्या आधी उठले ते केवळ त्यांना मागच्या खेपेची उत्तरं पाठ होती म्हणून. परीक्षा तीच आहे. माणसावर खोटा आळ नको, म्हणून हे पहिलं लिहिलं.

तू विचारलंस, भिंती रंगवणाऱ्यांच्या मुकादमाला कसली उजळणी लागते. सांगते. इथली जुनी घरं लाकडी फळ्यांची. त्या फळ्यांवर रंगाचे थरावर थर, आणि खालच्या थरांत शिसं, कारण पूर्वी रंगात ते घालतच. थर जागच्या जागी आहेत तोवर शिसं निजलेलं असतं. घर नवं करायचं म्हणून कुणी तो रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती खिडकीच्या चौकटीत बसते, जमिनीवर बसते, भिंतीलगतच्या मातीत बसते. मोठ्यांना वाईटच, पण लहान मुलांना फार वाईट, कारण त्यांचे हात आधी जमिनीला लागतात आणि मग तोंडात जातात. आणि दिसत काही नाही. ताप नाही, पुरळ नाही. मूल शाळेत जायला लागलं की मागे पडतं, आणि मग आईबाप मुलालाच रागावतात.

म्हणून रंग ओला करून खरवडायचा. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं. केरसुणी लावायची नाही. या धुळीसाठी वेगळा व्हॅक्यूम असतो तो फिरवायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचं, आणि हे सगळं होईपर्यंत मूल घरात आणायचं नाही. एवढंच आहे. हे शिकायला बुद्धी लागत नाही, करायला लागते ती लाज.

असा वर्ग कायद्याने करावाच लागतो असं नाही. पण आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे भाड्याची घरं सांभाळणारी एक कंपनी, आणि तिची तशी अट आहे. म्हणून काका आले, आणि त्यांच्या फर्मची सुपरवायझर म्हणून मी. वर्ग एका बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये होता. आदल्या दिवशीच्या बिअरचा वास. पडद्यावर 'कोरडं झाडू नका' हे चित्र लागलेलं असताना क्लबचा माणूस आमच्या पायांतून सॉसेज रोलचा चुरा खराट्याने झाडत होता. कुणी हसलंसुद्धा नाही, ते हसण्यासारखं आहे हे कुणाला कळलंच नाही.

मी घरी तुझ्यापाशी शिकले, शाळेत उशिरा गेले, त्यामुळे मला एक वाईट खोड आहे. प्रश्न विचारला की उत्तर मिळतं असं मला वाटतं. मी विचारलं, "गिऱ्हाईकाला घाई असेल आणि मालकही घाई करत असेल तर सुपरवायझरने काय करायचं?" प्रशिक्षक म्हणाले, "कॉमन सेन्स, लव्ह." इथे हेल्मेट विकत आणावं लागतं. कॉमन सेन्स फुकट असतो, म्हणून सगळ्यांना तोच वाटतात.

तुझी,
संपदा

---

पुणे
शुक्रवार, १४ सप्टेंबर २०१८

चि. संपदास अनेक आशीर्वाद.

काल गणपती बसले. बाहेर ढोल आहेत, पण मला काय त्याचं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू मला ईमेलने पत्रं लिहितेस, हे माझ्या बहिरेपणाचं एकुलतं एक उत्पन्न.

तुझं पत्र वाचून करमणूक झाली. एवढ्या श्रीमंत देशात भिंत घासायला वर्ग लागतो, आणि वर्गात जाऊनही माणसं काही शिकत नाहीत. आमच्याकडे वर्गच नाहीत. आम्ही न शिकण्याचं काम फुकटात उरकतो.

पण मुली, तू जरा अती करतेस. आपल्या घराची दारं-खिडक्या तुझे आजोबा दर दोन वर्षांनी स्वतः घासायचे, तेही कोरडी, आणि तुझा बाप त्याच धुळीत रांगला. मोहन काय मागे पडला? (याचं उत्तर पाठवू नकोस.) लहानपणी तुझं शुद्धलेखन तपासून मी वही परत दिली की तू ती पुन्हा माझ्याकडे आणायचीस, "आत्या, तुझी एक चूक राहिली." तेव्हा मला कौतुक होतं. आता तू मोठी झालीस. दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधणाऱ्या माणसाला जग वर्गाबाहेर उभं करतं.

शशिकांत हा तुझ्या बापाचा कॉलेजातला मित्र. त्याच्या फर्मवर तुझा व्हिसा टांगलेला आहे. तो आदर्श पुरुष नाही हे मला तो आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हाच कळलं होतं. ताक वाढेपर्यंत थांबायचा नाही. पण नोकरी देणाऱ्यात आदर्श शोधू नये. तू आपलं काम चोख कर आणि जगाची राखण त्या ढोलवाल्यांवर सोड.

मोदक पाठवता येत नाहीत, म्हणून मीच दोन जास्त खाल्ले.

तुझी आत्या

---

ओटाहुहु
रविवार, ३० सप्टेंबर २०१८

ती. आत्या,
सा. न.

आज इथली घड्याळं एक तास पुढे गेली आणि मी उशिरा उठले. तू म्हणालीस काम चोख कर. ते कसं करायचं ते आता तूच सांग.

पापाटोएटोला, भारतीय दुकानांच्या रांगेच्या मागल्या गल्लीत, देवव्रत आणि अस्मिता या आपल्याच माणसांनी जुना लाकडी बंगला घेतला आहे. त्याचं काम आमच्याकडे आहे. देवव्रत आयटीत आहे. एका बँकेच्या यंत्रणेत नको तो माणूस शिरू नये याची काळजी घेण्याचा तो पगार घेतो. अस्मिता सध्या घरी असते. त्यांची मुलगी रेवा दोन वर्षांची आहे. नाव मुद्दाम असं ठेवलं की इथल्या शाळेतल्या बाईंनाही म्हणता यावं. सध्या ती तिघं फ्लॅट बुशला अस्मिताच्या नणंदेकडे राहतात. नव्या घरात पाऊल दसऱ्याला ठेवायचं ठरलंय, १८ ऑक्टोबरला.

काम २५ तारखेला सुरू व्हायचं होतं. ओलं खरवडायला पुरेसा वेळ होता, मीच आराखडा केला होता. मग देवव्रतच्या आईंनी कोथरूडहून व्हिडिओ कॉलवर पंचांग उघडलं. २५ला पितृपक्ष लागतो. पितृपक्षात नव्या घराचं काम नाही. देवव्रतने आईला एकदाही विचारलं नाही की का. त्याने काकांना विचारलं की मग कधी. काका म्हणाले, "नो वरीज, अनंत चतुर्दशीच्या आत भिंती उघड्या करून देतो. पितृपक्षभर घर शांत. घटस्थापनेपासून रंग. दसऱ्याला चावी."

आणि मला नेमकं त्या दिवसांत भाड्याच्या घरांवर पाठवलं, इथेच ओटाहुहुमध्ये. तिथे कंपनीचा माणूस पाहायला येतो, म्हणून तिथे सगळं शास्त्रशुद्ध. प्लास्टिक, पाण्याचा फवारा, पिशव्यांना दुहेरी गाठ.

सोमवारी पापाटोएटोला गेले तर काम आटोपलेलं. कोरड्या घासणीच्या मशीनने, खिडक्या उघड्या ठेवून, खाली काही न अंथरता. खिडक्यांखालच्या मातीवर निळसर हिरवा चुरा पडला होता. घराच्या आत सगळीकडे तीच पूड, आणि ती केरसुणीने झाडलेली. आमचा टोंगा बेटांवरचा रंगारी सिओने मला म्हणाला, "सॉरी सिस, बॉस सेड फास्ट." शिसं ओळखायची एक कांडी मिळते, घासली आणि लाल झाली की समजायचं. मी ती खिडकीच्या चौकटीवर घासली. लाल झाली. वेगळ्या खोलीत घासली. तिथेही.

काकांना फोन केला.

"काका, तुम्ही कोरडं घासलंत."

"मग काय अमावस्येला ओलं घासू? त्यांच्या म्हातारीला हातोडीचा आवाज नकोय."

"तिथे दोन वर्षांची मुलगी राहणार आहे."

"संपदा, आपण सिंदूर लावून आणि गाडीच्या टाकीतलं पेट्रोल तोंडाने ओढून मोठे झालो. हे गोरे लोक नाजूक. आपल्या पोरांना काही होत नाही."

"निदान खिडक्यांखालची माती उचलू. वरचा थर काढून पिशव्यांत भरू. आणि आत आपला व्हॅक्यूम—"

"दसऱ्याच्या आधी एक हात मारू की. मातीवर गवत लावू, हिरवंगार दिसेल. आणि हे बघ, ती आपली माणसं आहेत. आपली माणसं कटकट करत नाहीत."

म्हणजे हिशेब असा: परक्यांच्या घराला प्लास्टिक, आपल्या माणसांच्या घराला वारा. दुपारी अस्मिताचा मेसेज आला, "शशीकाका किती फास्ट आहेत गं! हीप्स ऑफ थँक्स." मी अंगठा पाठवला. आत्या, मी अंगठा पाठवला.

आता पितरांचा आवाज-निषेध चालू आहे. घर बंद आहे आणि आत धूळ बसून आहे. मी अस्मिताला सांगायला हवं का? गिऱ्हाईक काकांचं. काकांना डावलून सांगणं नियमात बसतं का, हे मी उजळणीच्या पुस्तिकेत शोधलं. त्या प्रकरणावर तिथे एका हसऱ्या रंगाऱ्याचं चित्र आहे.

तुझी,
संपदा

---

पुणे
गुरुवार, ४ ऑक्टोबर २०१८

चि. संपदास आशीर्वाद.

पितरांना हातोडी चालत नाही पण धूळ चालते, हे मला नवीन. आपल्या घराण्यातले पितर तर आवाजाचेच शौकीन होते. त्या कोथरूडच्या बाईंचा पत्ता पाठव, मी जाऊन विचारून येते की पंचांगात नातीचं पान कुठलं.

मोहनच्या रांगण्याचा विनोद मी मागे घेते. परवा रक्तदाब दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना सहज विचारलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, लहान मुलाच्या बाबतीत यात 'थोडं चालतं' असं काही नसतं. तेव्हा तू अती करत नव्हतीस. मी लिहिलं होतं ते खोड.

तरी एक सांगते. शशिकांतशी सध्या तोंड सांभाळून वाग. व्हिसाचं नूतनीकरण होऊन जाऊ दे. मोहनचंही म्हणणं आहे की तू हल्ली वडीलधाऱ्यांशी फटकळ बोलतेस. युक्तीने घे. काका 'एक हात मारू' म्हणालाय ना, तर तो हात नीट मारला जातो की नाही ते बघ, स्वतः उभी राहून करून घे. भांडणापेक्षा फडकं बरं.

तुझी आत्या

---

ओटाहुहु
शनिवार, १३ ऑक्टोबर २०१८

ती. आत्या,
सा. न.

बाबांना मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मग मी वडीलधाऱ्यांशी फटकळ बोलते हे त्यांना कुणी सांगितलं? तुला माहीत असेल तर लिही. नसेल तर मीच ओळखते.

तुझ्या सांगण्याप्रमाणे स्वतः उभी राहायला गेले. उभं राहायला काही नव्हतंच. पितृपक्ष संपला त्या सकाळी काकांनी घरातला साधा व्हॅक्यूम आणून फिरवला, जो असली बारीक धूळ मागच्या बाजूने परत हवेत सोडतो, आणि मी पोचेपर्यंत पहिला हात रंगवून झाला होता. भिंती बगळ्यासारख्या पांढऱ्या. जमिनीवरच्या फळ्यांच्या फटी तशाच भरलेल्या. मी वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकांना ईमेल केला, सगळं लिहून, आता काय करू म्हणून विचारलं. उत्तर आलं: "ग्रेट क्वेश्चन, संपदा! पुढच्या उजळणीत यावर चर्चा घेऊ." पुढची उजळणी होईल तेव्हा रेवा शाळेत जात असेल.

पण मी हे सांगायला बसले नाही. काल फ्लॅट बुशला अस्मिताकडे हळदीकुंकू होतं.

नणंदेचं घर तू पाहायला हवंस. नवी वसाहत, नवं घर, दाराशी जँडल्सची, म्हणजे रबरी चपलांची, शिस्तीत रांग, आत पांढरा गालिचा. आख्ख्या ऑकलंडात शिसं जिथे शोधूनही सापडणार नाही असं घर. आणि दिवाणखान्यात घट बसवलेला. परडीत माती, मातीत सप्तधान्य, मधोमध कलश. अंकुर नुकते डोकावू लागले होते. रेवा समोर बसून खेळण्यातल्या कपाने त्यांना पाणी घालत होती. मग बोटाने माती दाबायची, मग बोट तोंडात. "मोअर वॉटर, मम्मा."

मातीत निळसर हिरवे कण होते.

मी विचारलं, "अस्मिता, ही माती कुठून आणलीस?"

"अगं, आपल्याच घरची! पापाटोएटोची. खिडकीखालची आहे, मऊ होती. सासूबाई म्हणाल्या, नव्या जागेची पहिली माती देवीला. दुकानातल्या पिशवीत नुसता भुसा असतो, त्यात काय देव बसवायचा?"

"रेवाला लांब ठेव तिच्यापासून. त्यात जुन्या रंगाची धूळ आहे. ती विषारी असते."

अस्मिताचं तोंड उतरलं. "म्हणजे? शशीकाका म्हणाले सगळं क्लीन केलंय. तूच पाहिलंस ना? तू सुपरवायझर आहेस ना?"

सोफ्यावर काका साबुदाणा वड्यांची बशी मांडीवर घेऊन बसले होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "अस्मिता, ही नुकती कोर्स करून आलीये. कोर्स अजून ओला आहे, वाळू दे जरा." सगळे हसले. देवव्रत सर्वांत मोठ्याने. "संपदाला तुमच्या ऑफिसात घे रे," काका त्याला म्हणाले, "व्हायरस शोधायला बरी आहे."

"तरी पण देवव्रत, ही माती बदलूया का?" अस्मिता म्हणाली.

"घट हलवतात का कधी मधेच? आईला कळलं तर?" देवव्रत म्हणाला, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. धूळ काय, शिसं काय, कसलंही भय कोथरूडच्या भयाहून मोठं नाही.

मी रेवाला उचललं, बेसिनपाशी नेलं, साबणाने हात धुतले. अस्मिता पाठीमागे उभी राहून म्हणाली, "किती माया करतेस गं तिच्यावर." मी म्हटलं, "हात सारखे धूत जा तिचे." तिला अर्धवट कळलं असेल. मी अर्धवटच बोलले. परत आले तेव्हा ती पुन्हा घटासमोर बसलेली.

निघताना काका दारापर्यंत आले. बुटाचे बंद बांधत, वर न बघता म्हणाले, "बुधवारी चावी द्यायची. तेव्हा तू देवव्रतला सांगायचं, 'आमच्या ट्रेंड सुपरवायझरने पाहिलंय, घर मुलांसाठी सेफ आहे.' तुझ्या तोंडी ते बरं वाटेल, बाईमाणूस आहेस. आणि तुझे व्हिसाचे कागद पुढच्या महिन्यात ना? सही मलाच करायची आहे, विसरलो नाहीये मी."

इथे मी अंदाजाने काही लिहीत नाही, म्हणून सांगते. त्या परडीतला एक कण मी रुमालात घेऊन आले होते. घरी कांडी घासली. लाल.

आता मला काय वाटतं ते लिहू? मला वाटतं मी बुधवारी आजारी पडावं. मग ते वाक्य काकांना स्वतःच बोलावं लागेल आणि माझ्या तोंडून खोटं जाणार नाही. हा विचार आला आणि मला माझीच इतकी चीड आली की मी ती कांडी परत परत बघत बसले. काय करू, आत्या?

तुझी,
संपदा

---

पुणे
रविवार, १४ ऑक्टोबर २०१८

संपदा,

आशीर्वाद नंतर.

शशिकांतचा मोहनला फोन आला होता. सप्टेंबरातच, तू त्याला मातीबद्दल बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. "पोरगी हुशार आहे पण ऐकत नाही, तिला समजावा, नाहीतर मला कठीण होईल." मोहन घाबरला आणि माझ्याकडे आला. मी तुला 'युक्तीने घे' लिहिलं ते त्याच्या घाबरण्यातून. मी ते लपवलं. तू विचारलंस म्हणून सांगितलं, आणि यावर मला तुझी क्षमा नकोय, तेवढा वेळ तुझ्याकडे नाही.

आता तुझ्याबद्दल. पत्र उत्तम आहे. तारीख आहे, वार आहे, रुमालातला कण आहे. रेवाने बोट कुठे घातलं तेही आहे. सगळं बिनचूक आहे आणि पत्ता माझा आहे. मी सत्तरीची बाई, पुण्यात बसले आहे, माझ्या परडीत दुकानातली माती आहे. मला कशाला कळवतेस? त्या मुलीच्या आईला तू काय कळवलंस? एकदा 'विषारी असते', आणि सगळे हसल्यावर नुसतं 'हात धुवत जा.' एवढं तर मी तिला पोस्टकार्डावरही लिहिलं असतं.

त्या बोलिंग क्लबवाल्यांना तू हसतेस, शशिकांतला हसतेस, त्या पंचांगवाल्या बाईला हसतेस. हस, सगळे हसण्याच्या लायकीचेच आहेत. पण शशिकांत आणि ती बाई निदान एका गोष्टीत तुझ्या पुढे आहेत. त्यांना हवं ते त्यांनी त्या पोरीच्या आईला स्पष्ट सांगितलं. तिला खरं काय ते सांगणारं घरात कुणी नाही, आणि जी एक आहे ती बुधवारी ताप यायची वाट बघते आहे.

व्हिसा गेला तर परत ये. तुझी खोली आहे. तुझ्या बापाचं मी बघते. ती माझी जबाबदारी, मोठी बहीण आहे मी त्याची.

भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तू भिणारच. भीत भीत जा.

आता आशीर्वाद.

आत्या

---

ओटाहुहु
सोमवार, १५ ऑक्टोबर २०१८

ती. आत्या,

तुझं पत्र सकाळी स्टेशनवर वाचलं. लगेच अस्मिताला फोन केला. देवव्रतने उचलला. मी म्हटलं, रेवाबद्दल बोलायचंय. तो म्हणाला, "घराचं असेल तर काकांशी बोल ना." फोन ठेवल्यावर काही वेळातच काकांचा मेसेज आला, "ऑल गुड?" म्हणजे फोनवरून अस्मितापर्यंत पोचायचा रस्ता काकांच्या दारावरून जातो. मी मेसेजला उत्तर दिलं नाही. अंगठाही नाही.

तेव्हा मी स्वतः जाणार. अस्मिताला समोर बसवून सांगणार: भिंती कोरड्या घासल्या, घर नीट पुसलेलं नाही, ते राहायला तयार नाही, आणि घटातली माती त्याच खिडकीखालची आहे. कांडी बरोबर नेणार आणि तिच्यासमोर परडीतल्या मातीवर घासणार, म्हणजे तिने माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. रेवाला त्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगणार, रक्त तपासायला. ती हो म्हणाली तर मीच गाडीने नेणार. रक्तात शिसं जास्त निघालं तर डॉक्टर आरोग्य खात्याला कळवतात आणि मग कुणाच्या म्हणण्याला अर्थ राहत नाही. ती नाही म्हणाली तर मीच खात्याला फोन करणार, तिच्यासमोर, तिला आधी सांगून. ती रडेल. मला हाकलेलही. दसऱ्याच्या तोंडावर अवलक्षण केलं असं तिची सासू मला जन्मभर म्हणेल. म्हणू दे.

काकांना सांगून जावं का, यावर मी सकाळभर विचार केला. मालकाला अंधारात ठेवणं मला बरं वाटत नाही. मग आठवलं, ते मला सांगून घासत नाहीत. त्यांना मी अस्मिताकडून बाहेर पडल्यावर सांगणार, आणि बुधवारचं ते वाक्य मी बोलणार नाही हेही त्याच वेळी.

भीत भीतच जाणार; कांडी पिशवीत घालून ठेवली आहे. 

आज ते सगळे हॅमिल्टनला नातेवाइकांकडे गेले आहेत, रात्री परतणार. बुधवारी चावी दिली जाईल आणि सामानाचा ट्रक येईल. मधल्या दिवशी देवव्रत आणि नणंद कामावर असतात आणि अस्मिता रेवाबरोबर घरी एकटी असते. म्हणून उद्या, मंगळवारी, १६ ऑक्टोबरला.

संपदा